मारिसोलला दिलेलं दही

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की आमच्या ऑफिसात खोके येऊन पडतात. इन्स्टंट नूडल्सचे, चिकन एसेन्सच्या, म्हणजे कोंबडीच्या शक्तिवर्धक अर्काच्या, इवल्याशा बाटल्यांचे, हायलायटरचे आणि टिश्यूच्या छोट्या पाकिटांचे. ते फोडायचे, प्रत्येकातलं एकेक उचलून कागदी पिशव्या भरायच्या आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांना लायब्ररीच्या दारात वाटायच्या. सिंगापूरच्या आमच्या विद्यापीठात याला वेल्फेअर पॅक म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला वाण म्हणते. हळदीकुंकवाला माझी आई असंच सगळं ओळीने मांडून ठेवायची आणि कुणाला कमीजास्त जाऊ नये म्हणून दोनदा मोजायची. मीही दोनदा मोजते.

त्यातली टिश्यूची पाकिटं नाक पुसायला नसतातच. मुलं ती खुर्चीवर ठेवून जागा धरतात आणि खुशाल जेवायला जातात. तासाभराने परत आली तरी खुर्ची त्यांचीच असते. मी नवी असताना मला हे खरंच वाटेना. आमच्या पुण्यात खुर्चीही गेली असती आणि पाकीटही. आता इतक्या वर्षांनी मीसुद्धा हॉकर सेंटरमध्ये टेबलावर पाकीट टाकते आणि डोसा आणायला जाते. एवढ्याशा कागदाने जागा आपली होते, हे या शहराचं मला सगळ्यात आवडणारं वैशिष्ट्य आहे.

यंदाही खोके आले. बाहेर तीनच्या सुमारास येणारा पाऊस ठरल्या वेळेला आला. लायब्ररीतला एसी दात वाजवत होता आणि मुलं जॅकेटं घालून, पाय खुर्चीवर घेऊन घोकत होती. मी पिशव्या भरत होते आणि मला मारिसोल आठवत होती. दर वर्षी आठवते. पण दर वर्षी मी ती आठवण बाजूला सारून कामाला लागते, यंदा काही केल्या ती बाजूला होईना.

ती आली २०१२ मध्ये, बोलिव्हियाहून, सिव्हिल इंजिनीअरिंगला. डोंगरातल्या गावची, बुटकी, गोल चेहऱ्याची, दोन वेण्या पुढे घेतलेली. घरातलं कुणीच कधी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तिला पूर्ण स्कॉलरशिप होती आणि स्कॉलरशिपला एक अट होती, मार्कांची सरासरी ठरावीक रेषेच्या खाली जाता कामा नये. गेली की तिकीट काढून घरी. पहिल्या वर्षाच्या शेवटी ती त्या रेषेवर येऊन टेकली आणि तिच्या नावाची फाइल माझ्या टेबलावर आली. अभ्यासात मागे पडलेली आणि घरापासून लांब आलेली मुलं, हे आमच्या विभागाचं काम. मिसेस लिम आमच्या मुख्य होत्या, मी त्यांच्या हाताखाली.

त्या वर्षी लॅटिन अमेरिकेतली सात मुलं होती. त्यांना परकं वाटू नये म्हणून आम्ही काय काय केलं! प्रत्येकाला एक स्थानिक सोबती जोडून दिला. गणिताची जादा शिकवणी ठेवली, ती मात्र खरोखर उपयोगी पडली. आणि एक संध्याकाळ ठेवली त्यांच्या नावाने. रुंद काठाच्या टोप्या आणल्या, मक्याच्या चिप्स आणल्या, समुद्रकिनाऱ्याची चित्रं लावली, नाचाची गाणी लावली. मारिसोल भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, "काय गं, आवडलं नाही का?"

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही टोपी मेक्सिकोची आहे. हे गाणं कुठलं ते मला माहीत नाही. आणि आमच्या देशाला समुद्र नाही. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथेच, विमानातून."

मला हसू फुटलं आणि लाजही वाटली. कारण दर दिवाळीला ऑफिसातले हेच लोक मला प्रेमाने विचारतात की तुमच्या भाषेत हॅपी दीपावली कसं म्हणतात, आणि मी सांगायच्या आत तमिळमध्ये म्हणूनही दाखवतात. मी तिला तो किस्सा सांगितला. ती इतकी हसली की तिच्या हातातल्या चिप्स सांडल्या. आमची गट्टी तिथे जमली.

मग ती रोज दुपारी चारला येऊ लागली. आम्ही मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायचो. 'इथे आपलेपणा किती वाटतो? एक ते पाचमध्ये सांगा.' मारिसोलने सगळीकडे तीन लिहिलं. मी म्हटलं, नीट विचार करून लिही. तर तिने पेन माझ्यापुढे धरलं. "तू किती लिहिशील?" मला सिंगापुरात येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नवरा चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत, मुलगी इथल्याच शाळेत, क्वीन्सटाउनला भाड्याचा फ्लॅट, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज एकदा नाकारला गेलेला आणि दुसऱ्यांदा टाकलेला. मी पेन घेतलं आणि टोपण लावून परत दिलं.

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, आणि इंग्रजीत तू काय आणि तुम्ही काय, सगळं सारखंच. पण मला मात्र ती 'तू' म्हणते असंच ऐकू यायचं. कारण ती मला तिया म्हणायची. त्यांच्याकडे मावशी, काकू, आत्या, मामी सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो. तिने एकदा घरून आलेली पुडी उघडून दाखवली, आत काळे खडे. ते बटाटे होते. थंडीत रात्रभर गोठवायचे, दिवसा उन्हात टाकून पायांनी तुडवायचे, असं आठवडाभर. वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. मी तिला आमच्या गच्चीवरच्या बटाट्याच्या किसाबद्दल सांगितलं. दोन खंडांतल्या बायका बटाटे वाळवायला उन्हात बसल्या होत्या, हे आम्हा दोघींनाही फार विनोदी वाटलं.

आता दह्याचं सांगते.

आमच्या घरी परीक्षेला निघालेल्या पोराच्या तळहातावर दहीसाखर ठेवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नसत. मी बारावीला असताना आईला ताप होता, तरी ती भिंत धरत उठून आली होती. त्या गार, आंबटगोड थेंबाची चव आणि मग तळहात जिभेने चाटून घ्यायचा आणि पळायचं, ही माझी परीक्षेची आठवण. पेपर कसे गेले ते काही आठवत नाही. सिंगापुरात मी विरजण सेम्बावांगच्या जोशीवहिनींकडून आणलं होतं, डबी मांडीवर घेऊन, एमआरटीच्या गाडीतून. इथल्या हवेत दही चार तासांत लागतं. सगळी तयारी होती, फक्त तळहात नव्हता. माझी ईशा तेव्हा चौदा वर्षांची. शाळेच्या परीक्षेच्या दिवशी मी वाटी घेऊन उभी राहिले की म्हणायची, "आई, नॉट नाउ लाह. सायन्सचा पेपर आहे, पूजा नाही." आणि हात पाठीमागे.

मला राग यायचा नाही, वाईट वाटायचं. लिफ्टचं दार बंद झालं की मी ती चमचाभर दहीसाखर स्वतःच खाऊन टाकायचे.

तर तिच्या दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात मारिसोलचा पहिला पेपर होता. तिला सकाळी सव्वाआठला ऑफिसात बोलावलं आणि हात पुढे करायला सांगितला. तिने विचारलं, "हे काय?"

"दही. आमच्याकडे परीक्षेला जाताना देतात."

"तिया, मला दूध चालत नाही. आमच्याकडे बऱ्याच जणांना पचत नाही."

"दही म्हणजे दूध नव्हे," मी म्हटलं. हे वाक्य मी किती ठामपणे म्हटलं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. आमच्यात पोट बिघडलं की दहीभात देतात. उन्हाचा त्रास झाला, ताक. तोंड आलं, ताक. दह्याने कुणाचं काही बिघडू शकतं हे माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या कानावर नव्हतं. तिने तळहात चाटला, हसली आणि पळाली. काही झालं नाही. दुसऱ्या पेपरलाही दिलं, काही झालं नाही. मग काय, मी स्वतःवर खूश.

तिसरा पेपर फ्लुइड मेकॅनिक्सचा. तिला सगळ्यात जड जाणारा, आणि सरासरी रेषेच्या वर ठेवायची तर त्यात बरे मार्क हवेच होते. त्या सकाळी ती आली तो चेहरा उतरलेला, धड झोप नाही, पोटात अन्नाचा कण नाही. मी घरून आणलेला डबाच पुढे ठेवला. "चमच्याने काय होणार, अख्खी वाटी खा. पोट थंड राहील." तिने माझ्याकडे पाहिलं. तिला नाही म्हणायचं होतं, ते मला दिसलं. आज सांगते, मला ते दिसलं होतं. पण तिने वाटी रिकामी केली आणि चमचाही चाटला, कारण समोर मी उभी होते.

परीक्षा तिकडे भल्या मोठ्या क्रीडागृहात होते. शेकडो टेबलं, टेबलाच्या कोपऱ्यावर ओळखपत्र, कडाक्याचा एसी. अर्ध्या तासात तिच्या पोटात गुरगुरायला लागलं. मग कळा. बाथरूमला जायचं तर पर्यवेक्षक सोबत येतो आणि दाराबाहेर उभा राहतो. ती पाच वेळा गेली. सहाव्यांदा तिला हात वर करायची लाज वाटली, आणि तिने अर्धा कोरा पेपर देऊन टाकला. डॉक्टरकडेही त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, तर एमसीवर, म्हणजे डॉक्टरच्या दाखल्यावर, तारीख दुसऱ्या दिवसाची. सिंगापुरात आजारी पडायचं असेल तर कागद त्याच दिवशीचा लागतो.

हे मला तिने सांगितलंच नाही. मला कळलं ते मिसेस लिमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा. फेरपरीक्षेसाठी मारिसोलचा अर्ज आला होता आणि त्यात लिहिलं होतं, 'त्या सकाळी घरच्यांनी दिलेलं खाल्लं, त्याने पोट बिघडलं.'

"घरच्यांनी म्हणे," मिसेस लिम म्हणाल्या. "हिच्या घरचे बोलिव्हियात. एमसी उशिराची आणि त्यावर हे. कमिटी म्हणणार, पोरगी खोटं बोलते. गेली स्कॉलरशिप."

मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. दही, साखर, तळहात, वाटी.

"अय्यो, माधवी! कशाला दिलंस?"

"आमच्याकडे देतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझी आई प्रत्येक पेपरला चिकन एसेन्स पाजायची. मला उलटी व्हायची. तरी पाजायची." मग चष्मा लावून एक फॉर्म माझ्याकडे सरकवला. "काय झालं ते लिहून दे, आजच. पण नीट लिही. ज्या मुलांची फाइल आपल्याकडे असते त्यांच्याशी घरोबा चालत नाही, हे तुला माहीत आहे."

मी लिहिलं. काय दिलं, किती दिलं, तिने आधी सांगितलं होतं की चालत नाही, तरी मी आग्रह केला, चूक माझी. एक शब्द लपवला नाही. आणि शेवटी एक रकाना होता. 'विद्यार्थिनीशी नातं.'

त्या रकान्यापाशी पेन थांबलं. काय काय आलं मनात! पीआरचा दुसरा अर्ज. नवऱ्याच्या बँकेत माणसं कमी करायच्या बातम्या. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. मारिसोलने तिच्या कागदावर 'घरच्यांनी' लिहिलं होतं, माझं नाव वाचवायला लिहिलं असेल किंवा तिला खरंच तसं वाटत असेल. मी तिच्या कागदाखाली माझा कागद ठेवला आणि रकान्यात लिहिलं, 'काही नाही. कर्मचारी.'

यात खोटं काहीच नव्हतं. कुणीही वाचलं असतं तर बरोबरच म्हटलं असतं. नुसतं 'कर्मचारी' लिहूनही भागलं असतं. आधीचे दोन शब्द मला कुणी मागितले नव्हते.

तिला फेरपरीक्षा मिळाली. डिसेंबरात ती बसली आणि चांगल्या मार्कांनी सुटली. रेषेच्या वर गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. मला नोंदणी विभागात हलवलं, कुणी रागावलं नाही, सगळं अगदी सभ्यपणे झालं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या नव्या खिडकीपाशी आली. वेण्या घट्ट घातलेल्या. काचेपलीकडून म्हणाली, "थँक यू, मॅम. तुमच्यामुळे झालं."

मॅम. तुमच्यामुळे. मी म्हटलं, "वेल डन, मारिसोल." मागे रांग होती. ती गेली.

मला वाटलं, वाचलं हिने. अर्जाच्या कागदांची प्रत विद्यार्थ्याला देतात, तशी तिला मिळाली असणार आणि 'काही नाही' तिने वाचलं असणार. पुढची अडीच वर्षं ती कॉरिडॉरमध्ये भेटायची, मान लववायची, मॅम म्हणायची. कँटीनमध्ये मी लांबून बघायचे, ही नीट जेवते का, सोबत कुणी आहे का. सोबत असायचे बरेच जण. पुढे तर नव्याने आलेल्या मुलांना तीच गणित शिकवायची, आणि तिला कुणी टोपी घालायला सांगितलं की ती त्यांना नकाशा दाखवायची. मी हे सगळं काचेतून पाहिलं. एकदा वाटलं, उठावं, जवळ जावं आणि सांगावं. पण काय सांगणार? लिहिलं तर होतं मीच. पदवीदानाच्या दिवशी तिच्या घरचं कुणी येऊ शकलं नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी सभागृहाच्या मागच्या दाराशी ड्यूटीवर होते. इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या गार्डने वळून पाहिलं. तिच्यापर्यंत पोचल्या की नाही कुणास ठाऊक.

पीआर मिळालं आम्हाला. ईशा आता विद्यापीठात आहे, परदेशात. तिच्या हॉस्टेलवर कुणी बाई असेल का, तिला नको असलेलं काहीतरी आग्रहाने खाऊ घालणारी? असावी असं वाटतं. मग मारिसोलच्या आईचा विचार येतो. तिने तरी तिकडे काय वेगळं मागितलं असेल? मला त्या पोरीची आठवण येते, सरळ सांगायचं तर फार येते. दुपारचे चार वाजले की अजूनही मी दाराकडे बघते.

म्हणून परवा, पिशव्या भरून झाल्यावर, मी तिला मेल लिहिलं. पत्ता शोधला. ती आता तिच्याच देशात डोंगरातल्या गावांना पाणी पोचवायच्या कामावर आहे. खूप लिहिलं आणि खोडलं. उरलं ते एवढंच. 'त्या फॉर्मच्या रकान्यात मी चुकीचं लिहिलं. तू वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. माफ कर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं.

'प्रिय तिया, कुठला रकाना? मला कुणी काही कागद दाखवले नव्हते. मिसेस लिमनी एवढंच सांगितलं की तुझी नोकरी माझ्यामुळे जाऊ शकते, तेव्हा लांब राहा आणि सगळ्यांसमोर मॅम म्हण. मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, तू पण तशीच लांब राहतेयस, माझ्यासाठी. रोज तुझ्या खिडकीवरून मुद्दाम जायचे. त्या रकान्यात काय होतं?'

मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नका. खिडकीवरून मुद्दाम जायची. अडीच वर्षं मी तिच्या नजरेत काहीतरी वाचत होते, जे तिथे नव्हतंच. ज्याने दुखावलं जावं तो शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो फक्त मला माहीत होता, आणि मिसेस लिमना, आणि त्याही आता निवृत्त झाल्या आहेत.

'अगं काही नाही, जुनी गोष्ट' असं लिहिता आलं असतं. लिहिलंही. ते दोन शब्द पुन्हा माझ्याच हातून पडद्यावर उमटलेले पाहिले, आणि पुसले.

मग लिहिलं, 'आपलं नातं काय, असं विचारलं होतं. मी काही नाही असं लिहिलं. घाबरले होते.' आणि आणखी काही खोडायच्या आत पाठवून दिलं.

दुपार होती. बाहेर पाऊस लागला होता आणि रांगेतला पहिला मुलगा काचेवर टकटक करत होता. तिच्या आणि माझ्या घड्याळात बरोबर बारा तासांचं अंतर, म्हणजे तिकडे रात्रीचे तीन. ती सहाला उठेल आणि वाचेल. तोवर तीन तास मी तिची तिया आहे.